शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना होणारा मतिभ्रम : घरच्यांनी काय ओळखावे, काय करावे

वणीत किंवा आसपासच्या कोणत्याही गावात, कोणत्याही घरात घडू शकेल असा एक प्रसंग घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी न्हाणीत पाय घसरून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. घरची मंडळी त्यांना गाडीत घालून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर येथील मोठ्या रुग्णालयात नेतात. शस्त्रक्रिया उत्तम पार पडते. डॉक्टर बाहेर येऊन तसे सांगतात, घरी फोन जातात, देवाचे आभार मानले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी चहा मागतात आणि कापसाची वेचणी कुठवर आली याची चौकशीही करतात. त्याच दिवशी दिवेलागणीला मात्र त्यांची नजर बदलते. भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे असे त्या सांगू लागतात. सलाइनची सुई उपटून टाकतात. कित्येक वर्षांपूर्वी वारलेल्या भावाला हाका मारतात. ज्या सुनेने वीस वर्षे त्यांची सेवा केली तिच्याकडे बोट दाखवून, ‘ही मले विष घालते’, असे साऱ्या वॉर्डासमोर ओरडतात. पहाटे थकून झोपी जातात. सकाळी पुन्हा शहाण्यासारखे बोलतात आणि संध्याकाळ झाली की पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

अशा वेळी खाटेभोवती उभ्या असलेल्या नातेवाइकांत निरनिराळे तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, भूल जास्त झाली. कोणी म्हणतो, म्हातारचळ लागला, आता हे असेच चालायचे. कोणी दबल्या आवाजात ‘बाहेरचे काहीतरी लागले’ असे सुचवतो आणि ओळखीच्या भगताचे नाव घेतो. आणखी एक तर्क कोणी उघड बोलून दाखवत नाही, परंतु घर मोडण्याची ताकद त्यातच सर्वांत अधिक असते. तो असा की, म्हातारीच्या मनात सुनेविषयी इतकी वर्षे जे दडले होते तेच आज बाहेर पडले. आम्ही या लेखात प्रामुख्याने एवढेच सांगू इच्छितो की, हे सारे तर्क बहुधा चुकीचे असतात. आजींना झाले आहे त्याला वैद्यकशास्त्रात डिलिरियम म्हणतात. तो मेंदूचा तात्पुरता परंतु गंभीर बिघाड असून त्यामागे शारीरिक कारणे असतात. ती कारणे शोधावी लागतात आणि पुष्कळ वेळा दूरही करता येतात.

हा विकार आपल्या लोकांना अपरिचित नाही. तापात माणूस बरळू लागला की, ‘वात झाला’ किंवा ‘सन्निपात झाला’ असे जुनी माणसे म्हणत. डिलिरियम हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ शेतकरी वाचकांना चटकन उमजेल. नांगराचा फाळ तास सोडून भलतीकडे जाणे, असा तो अर्थ आहे. माणसाचे मन काही काळ तास सोडते. बैल तेच, नांगर तोच आणि शेतही तेच असते.

म्हातारपणी मेंदूची राखीव शक्ती कमी झालेली असते. एरव्ही ते जाणवत नाही, कारण रोजच्या ओळखीच्या घरात उरलेली शक्ती पुरते. परंतु हाड मोडणे, रक्तस्राव, शस्त्रक्रियेमुळे सर्व शरीरात उठणारा दाह, वेदना, औषधे, जागरण आणि परके ठिकाण हे सर्व एकाच आठवड्यात अंगावर आले की, तो मेंदू तोल सांभाळू शकत नाही. मेंदूतील पेशी ज्या रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने परस्परांना निरोप देतात त्यांचा समतोल बिघडतो. त्यांपैकी ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा संबंध लक्ष एकाग्र करण्याशी आहे आणि म्हणूनच ते कमी करणारी औषधे वृद्धांना बाधतात. या विकाराला एकच एक कारण नसते. बहुधा चार-पाच लहान कारणांची मोळी असते.

‘भूल जास्त झाली’ हा समज फार जुना आहे आणि तो निव्वळ अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील डॉक्टर बेडफर्ड यांनी १९५५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पन्नाशीपुढील ११९३ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. ऑपरेशनपासून आमचा माणूस पूर्वीसारखा राहिला नाही, ही नातेवाइकांची तक्रार त्यांनी प्रथमच गांभीर्याने घेतली आणि भुलीकडे बोट दाखवले. पुढील संशोधनाने चित्र बदलले. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल द्यावी की कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करावा, याची तुलना अमेरिका व कॅनडामध्ये १६०० रुग्णांवर करण्यात आली. २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एका रुग्णाला मतिभ्रम झाल्याचे दिसले. पुढील वर्षी चीनमधील नऊ रुग्णालयांतील अभ्यासातही दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे सगळा दोष भूलतज्ज्ञाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. रुग्णाचे वय, आधीचे विसरणे, मोडलेले हाड, जंतुसंसर्ग आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल यांचा वाटा मोठा असतो.

जुन्या काळातील एक उदाहरण येथे बोलके ठरेल. पूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून रुग्णाला कित्येक दिवस निश्चल पडून राहावे लागे. यातील काही वृद्ध अंधारात भ्रमिष्ट होत आणि पट्ट्या ओरबाडून काढत. डॉक्टरांनी त्याला काळ्या पट्टीचा डिलिरियम असेच नाव दिले होते. दिसेनासे होणे हेच तेथे मोठे कारण होते. आज मोतीबिंदूचा रुग्ण त्याच दिवशी घरी येतो आणि तो प्रकार जवळपास नाहीसा झाला आहे. परंतु हाडाच्या शस्त्रक्रियेला नेताना चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी काढून पिशवीत ठेवली जाते आणि ती पिशवी चार दिवस कोणी उघडत नाही, तेव्हा आपणही त्या वृद्धाला काळी पट्टीच बांधत असतो.

ओळखण्याच्या खुणा

पहिली खूण म्हणजे बदल अचानक होतो. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश वर्षावर्षाने उतरतो, तर डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, कित्येकदा मधला एखादा दिवस चांगला गेल्यावर तो दिसतो. दुसरी खूण अशी की, तो दिवसभर सारखा नसतो. सकाळी फेरीला आलेल्या डॉक्टरांना रुग्ण ठीक वाटतो आणि रात्रीचा तमाशा फक्त नातेवाइकांनी पाहिलेला असतो. म्हणून तो सांगणे हे त्यांचे कामच आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगावे. शाळेत न गेलेल्या आजींनाही एरव्ही ते जमते. दोन वार सांगून त्या भरकटल्या, प्रश्नच विसरल्या, तर संशय घ्यावा. त्याच्या जोडीला बोलणे असंबद्ध होते, अथवा रुग्ण अतिजागा किंवा अतिसुस्त होतो. अमेरिकेतील डॉक्टर शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली याच खुणांवर आधारलेली तपासणी तयार केली. ती आज जगभर वापरली जाते आणि तिला काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

सुस्तीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. ओरडणाऱ्या रुग्णाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु वृद्धांमध्ये या विकाराचा शांत प्रकार अधिक आढळतो. रुग्ण डोळे मिटून पडून राहतो, विचारले तर ‘हूं’ म्हणतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. नातेवाईक म्हणतात, बाबांना चांगली झोप लागली आहे, त्रास देऊ नका. हाच प्रकार उशिरा ध्यानात येतो आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो. जो माणूस शस्त्रक्रियेपूर्वी गप्पिष्ट होता तो एकाएकी मुका झाला, तर परिचारिकेला त्याच वेळी सांगावे. त्यासोबत चेहरा वाकडा होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडे बोलणे दिसले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे एक मिनिटही थांबू नये.

आता कारणांकडे वळू. रुग्णालयात सिस्टरांना अथवा डॉक्टरांना विचारताना यांची नावे ठाऊक असावीत. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील प्राणवायू कमी होणे, सोडियम किंवा साखर खाली येणे, शरीरातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, चार दिवस पोट साफ न होणे आणि न शमलेली वेदना ही नेहमीची कारणे होत. बद्धकोष्ठाने माणसाचे डोके फिरते हे ऐकून कोणी हसेल, परंतु ते खरे आहे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर सोडियम एकाएकी उतरून भ्रम होऊ शकतो. ज्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेथून निघालेला वृद्ध अनेकदा आधीच पाणी कमी पडलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतो, हेही ध्यानात असावे.

औषधांचा भाग मोठा आहे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेवर दिली जाणारी फेनिरामाइनसारखी औषधे, पोटातील मुरड्यावरील काही गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके वृद्धांच्या मेंदूला जड जातात. उलट जो वर्षानुवर्षे रोज रात्री अल्प्राझोलाम घेत होता त्याची गोळी एकाएकी बंद पडली, तर त्यानेही हाच प्रकार होतो. दारूचेही तसेच. रोज पिणाऱ्याची दारू रुग्णालयात सुटते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांना कंप, घाम आणि भयंकर भास सुरू होतात. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो आणि त्यावर निश्चित उपचार आहेत, मात्र डॉक्टरांना आधी कळले पाहिजे. भरती करताना ‘व्यसन आहे का’ या प्रश्नाला आपल्याकडे लाजेखातर ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. वडिलांचा मान राखण्याची ही पद्धत त्यांच्या जिवावर बेतू शकते. खर्रा आणि तंबाखूचे प्रमाणही मोकळेपणाने सांगावे, कारण ते एकाएकी सुटल्यानेही माणूस बेचैन होतो.

आमच्या मते, वणी परिसरात आणखी एका कारणाचा विचार झाला पाहिजे. ते कारण म्हणजे भाषा. झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम आजोबांची बोली कोलामी, कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या कोणा कामगाराची तेलुगू किंवा भोजपुरी, तर शेतकरी आजींची वऱ्हाडी. अतिदक्षता विभागातील तरुण परिचारिका हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत विचारते, ‘आजी, आपण कुठे आहात?’ गोंधळलेले मन सर्वप्रथम नंतर शिकलेल्या भाषा गमावते आणि आईच्या भाषेला घट्ट धरून राहते. त्यामुळे रुग्ण उत्तर देत नाही म्हणजे त्याला समजत नाही, असा गैरसमज होतो. उलटही होते. परक्या बोलीतील बडबड ऐकून खरा भ्रम निसटून जातो. म्हणून त्याच बोलीत बोलणारे एक माणूस जवळ असणे ही चैन नसून उपचाराचा भाग आहे.

खाटेशेजारी बसणाऱ्याने काय करावे

बॉस्टन येथे खुब्याचे हाड मोडलेल्या १२६ वृद्धांवरील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना वृद्धांच्या आजारांतील तज्ज्ञाने रोज पाहिले आणि पाणी, वेदना, अनावश्यक औषधे, लघवीची नळी, शौचास होणे, चालवणे अशा साध्या गोष्टींबद्दल सूचना दिल्या. नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी निम्म्यांना मतिभ्रम झाला, तर या गटात ते प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. यात कोणतेही नवे औषध नव्हते. आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयांत असे तज्ज्ञ सहसा नसतात. परंतु आपल्याकडे एक गोष्ट आहे जी परदेशातील रुग्णालयांना पगार देऊन किंवा स्वयंसेवक जमवून उभी करावी लागते. आपल्या रुग्णाजवळ घरचे माणूस दिवसरात्र बसलेले असते.

त्या माणसाने शुद्धीवर आल्याबरोबर चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी परत मागावी. गिळता येते असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घोटाघोटाने पाणी पाजावे. दिवसा खिडकी उघडी ठेवावी, वार, तारीख, गाव आणि काय झाले आहे हे बोलता बोलता सांगावे, डॉक्टरांची परवानगी मिळताच उठवून बसवावे, चालवावे. रात्री दिवा मंद करावा, मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. भास होत असतील तर वाद घालू नये आणि ‘हो, मुंग्या आहेत’ असे खोटेही बोलू नये. ‘मला दिसत नाहीत, पण मी येथेच आहे’ एवढे पुरते. लघवीची नळी आणखी किती दिवस आवश्यक आहे, हे डॉक्टरांना रोज विचारावे. हात बांधल्याने भीती आणि धडपड दोन्ही वाढतात. शक्य तेथे, ‘आम्ही हात धरून बसतो, बांधू नका’ अशी नम्र विनंती करावी. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी मात्र कदापि देऊ नये. आणि भेटीला एकदम पंधरा माणसे आणू नयेत. आपली माया गर्दीने व्यक्त होते, हे आम्हाला ठाऊक आहे, परंतु या रुग्णाला दोन ओळखीचे चेहरेच पुरे होतात.

प्रार्थनेविषयीही हेच. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना गोंधळलेल्या मनालाही आठवते आणि हातात ओळखीची जपमाळ दिल्याने एखादी आजी निवते. परंतु भूत काढण्यासाठी खाटेभोवती मोठ्याने ओरडून प्रार्थना करणे हे रुग्णाला अधिक घाबरवणारे आहे. भगताकडे नेऊन मारहाण करणे वा धुरी देणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाच आहे. रुग्णाभ्यंग संस्काराबाबत एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. हा संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही आणि गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी तो स्वीकारणे उचित होय, असे ख्रिस्तसभेची श्रद्धाशिकवण सांगते. तेव्हा फादरांना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बोलवावे. त्या वेळी मन स्वच्छ असते आणि पापनिवेदनही नीट करता येते. चौथ्या रात्री घाईने बोलावणे धाडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणखी एक विषय कटू आहे, परंतु टाळता येत नाही. म्हातारे माणूस रुग्णालयात असतानाच शेताचे कागद, बँकेचा अर्ज किंवा मृत्युपत्र पुढे करण्याची घाई काही घरांत होते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमातील उदाहरणात तापाच्या भरात भ्रमिष्ट झालेल्या शहाण्या माणसाचाच उल्लेख आहे आणि भ्रम असेपर्यंत तो करार करू शकत नाही, असे तेथे म्हटले आहे. आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे एकोणसाठावे कलमही तसेच सांगते. आजारामुळे आपण काय करीत आहोत हे ज्याला कळत नाही, त्याला त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही. अशा वेळी घेतलेला अंगठा पुढे भावाभावांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावतो. उलट, भ्रम उतरल्यावर तो माणूस पुन्हा पूर्वीइतकाच समर्थ असतो. त्या पाच दिवसांचा दाखला देऊन त्याला कायमचा वेडा ठरवणे हाही अन्यायच होय.

बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात. सर्वच पूर्ववत होतात असे मात्र सांगता येणार नाही. १९९८ साली अनेक देशांतील साठीपुढील १२१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने सुमारे २६ टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के रुग्णांची स्मरणशक्ती व आकलन आधीपेक्षा उतरलेले आढळले. हा प्रकार डिलिरियमहून वेगळा आणि सौम्य असतो. हिशेब चुकतो, नावे आठवत नाहीत, चिडचिड वाढते आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. ज्यांना डिलिरियम होतो त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक दिसते. काहींच्या बाबतीत आधीच सुरू झालेला, परंतु कोणाच्या लक्षात न आलेला स्मृतिभ्रंश या निमित्ताने उघड होतो. म्हणून तीन महिन्यांनंतरही घडी बसली नसेल, तर डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या शासकीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते.

घरी आल्यावर आजींना काही आठवते, काही आठवत नाही. जे आठवते त्याची त्यांना लाज वाटते. सिस्टरला शिवी दिली, सुनेवर आळ घेतला, हे पाप झाले म्हणून कित्येक वृद्ध झुरत राहतात. गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि स्वतःची संमती लागते, ही शिकवण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली असते. त्या रात्री यांपैकी काहीच नव्हते. हे त्यांना फादरांनी किंवा घरातील वडीलधाऱ्याने शांतपणे सांगावे. सुनेलाही बाजूला बसवून सांगावे. भ्रमात माणूस जवळच्याच व्यक्तीवर संशय घेतो, कारण डोळ्यांपुढे सतत तीच असते. ते शब्द आजींच्या मनातील गुपित नव्हते.

घरातील रुग्णालयाच्या फायलीवर पहिल्याच पानावर एक ओळ लिहून ठेवावी : ‘अमुक साली शस्त्रक्रियेनंतर डिलिरियम झाला होता.’ पुढे कधी मोतीबिंदूची का होईना शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञाला ती ओळ दाखवावी आणि सोबत रोजच्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत.